मास्तरांच्या देवळात

मुलगी प्रवेश परीक्षेत नापास झाल्यापासून आमच्या दुबईच्या घरात त्या विषयावर कोणी बोलत नव्हतं. सुट्टीत आम्ही तिघं चीनमध्ये नान्जिंगला गेलो. तिथे नदीकाठी जुन्या देवळांचा परिसर आहे. मुख्य देऊळ एका प्राचीन गुरूचं, आणि परीक्षेला बसणारी मुलं तिथे लाल पाट्यांवर इच्छा लिहून टांगतात.

बायकोने दारातच चपला काढल्या. बाकी सगळे बुटांसकट आत जात होते.

"आई, प्लीज! नोबडी डज दॅट हिअर," मुलगी कुजबुजली.

"अगं, हा देव नाही, मास्तर आहे," मी बायकोला समजावलं.

"मास्तर? मग तर काढायलाच हव्यात," म्हणत ती थंडगार फरशीवरून आत गेली आणि मूर्तीभोवती प्रदक्षिणेला जागा शोधू लागली. पहारेकरी गोंधळून तिच्या पायांकडे बघत राहिला.

निकालानंतर पहिल्यांदाच मुलगी खळखळून हसली. मग तिनेही बूट काढले आणि आईशेजारी हात जोडून उभी राहिली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, आय विल ट्राय अगेन. पण या वेळी क्लास मी निवडणार."

फी किती ते न विचारताच मी हो म्हणालो.