टाचणीमावशीची पेटी

नाटक कंपनीत सगळे तिला टाचणीमावशी म्हणत, कारण तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत. कपडेपट तिच्या ताब्यात. राजाची मखमल शिवायची असो की भिकाऱ्याच्या चिंध्या, माप घेताना ती नटाला सरळ उभं राहूच द्यायची नाही. "हात वर करा. वाका. आता भांडा बघू कुणाशी तरी!" आणि मग टेप लावायची. याला ती 'हालतं माप' म्हणे.

जन्मभर तिने वैर धरलं ते फक्त उंदरांशी. ऐन प्रयोगाच्या तोंडावर त्या मेल्यांनी राणीचा झगा कुरतडला, तेव्हा तिने हट्टाने आतून पत्रा मारलेली, माणूस आडवा झोपेल एवढी पेटी करून घेतली. कंपनी बंद पडली तशी उरल्यासुरल्या कपड्यांसकट ती पेटी तिच्या खोलीत आली.

आणि अशा बाईच्या घरात तिच्या मुलाने नातीला पाळायला दोन हॅमस्टर आणले!

"शी! उंदीर!" ती किंचाळली.

"आजी, उंदीर नाहीत गं," नात म्हणाली. "शेपूट बघ, नाहीच जवळजवळ."

"शेपूट उडवलं म्हणून चोर साव होतो का?"

पिंजरा पावाच्या डब्याएवढा, गुलाबी. आत ओल्या भुशाचा आंबूस दर्प.  एकाने दुसऱ्याचा कान फोडला होता, आणि तो कानफाट्या दिवसभर गज चावत बसायचा. त्याच्या नाकावरचे केस झडून लालभडक कातडी दिसू लागली होती.

"डोक्याला ताप झालाय ही कटकट," मुलगा म्हणाला. "रविवारपर्यंत थांबली नाही तर दुकानात परत."

नातीचा चेहरा एवढासा झाला. तिला घेऊन मावशी नाक मुरडतच मोठा पिंजरा बघायला दुकानात गेली.

तिथे काचेच्या एका टाकीत वीसेक जीव एकमेकांच्या अंगावर गोळा होऊन पडले होते. खाली घाण, वर घाण. मावशीने पदर नाकाला लावला.

"मोठा पिंजरा हवाय? हा बघा आजी, राजवाडा!" दुकानदार खुलला. "तीन मजले, घसरगुंडी, नळ्या!"

"मजले कुणी मागितले? पळायला जमीन किती?"

"केवढासा जीव तो! मुठीत मावतो."

"झोपलेल्याचं माप घेतलंत होय हो तुम्ही? तुम्हीही गाठोडं होऊन झोपलात तर माझ्या पिशवीत मावाल. राहाल तिथे?"

नात फिसकन हसली. दुकानदाराने राजवाडा परत फळीवर ठेवला. याहून मोठं त्याच्याकडे काहीच नव्हतं.

घरी येऊन मावशीने कानफाट्याला चादरीवर सोडायला सांगितलं. स्वतः खुर्चीवर पाय वर घेऊन बसली, तोंडाला पदर लावून. तो मेला सुसाट सुटला तो थेट भिंतीपर्यंत! वळला, पुन्हा सुटला. मावशी त्याच्याकडे किळसून बघत होती, पण डोळे माप घेत होते. मग ते डोळे हळूच कोपऱ्यातल्या पेटीकडे गेले.

"नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "जीव गेला तरी नाही."

 नातीने कानफाट्याला उचललं आणि त्याचं लाल नाक बोटाने पुसलं.

मावशीने कमरेची किल्ली काढली.

राजे, राण्या, भिकारी सगळे तिच्या पलंगावर येऊन पडले. पेटीचं झाकण निघालं, त्या जागी बारीक जाळी बसली. भांडणं नकोत म्हणून मधोमध पत्र्याची आडभिंत, दोघांना पळायला दोन चाकं, तळाला जाड भुसा.

"आई, तुझी पेटी?" मुलगा दारातच थबकला. "उंदीर आत शिरू नयेत म्हणून केलेली ना ती?"

"बाहेर येऊ नयेत म्हणूनही चालते. आणि भुसा रोज तू बदलायचास. मी हात लावणार नाही. ओकारी येते मला."

रविवार उलटला. गज चावणं थांबलं होतं. चावायला गजच नव्हते. कानफाट्याच्या नाकावर लव दिसू लागली. मावशी लांबूनच वाकून बघायची आणि शहारायची.

एके सकाळी तिला त्याच्या घरट्यात फिकट निळं काहीतरी दिसलं. राणीच्या झग्याचं सुती अस्तर! पेटीच्या कोपऱ्यात एक तुकडा राहून गेला होता, त्याच्या बारीक धांदोट्या करून तो त्यात निवांत पडला होता.

"मेल्या," मावशी दात-ओठ खात म्हणाली, "शेवटी खाल्लासच ना झगा!"

मग पलंगावरचा झगा ओढून तिने अस्तराची आणखी एक पट्टी फाडली, चिमट्यात धरली, आणि तोंड फिरवून जाळीतून आत टाकली.