होडीचा पत्रा

घोडेगावच्या रस्त्याला त्याचं वेल्डिंगचं शेड आहे. बोलता बोलता हातातल्या पत्र्यावर टिचकी मारायची आणि कान देऊन ऐकायचं, ही त्याची सवय. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मी त्याला भाऊ म्हणतो, तो मला गुरुजी.

धरणाच्या पलीकडून माझ्या शाळेत येणारी पोरं गळक्या होडीतून येत. म्हणून गावानं त्याला ॲल्युमिनियमची नवी होडी करायला सांगितली. ती अर्धी झाल्यावर मी बघायला गेलो, तर हा स्वतःच केलेले जोड कापत बसलेला.

“अहो भाऊ, सोमवारी शाळा उघडतेय!” मी ओरडलोच.

त्यानं त्याच पत्र्याचे जोडलेले दोन तुकडे व्हाइसच्या लोखंडी पकडीत धरून वाकवले. जोडाच्या अगदी शेजारी पत्रा मोडला.

“ह्यो लई कडक हाय गुरुजी, पन वेल्डिंगची धग लागली का शेजारी कच्चा पडतो. माजीच चूक. बोटीचा पत्रा येगळा असतो, त्यो मागवलाय. त्यो वाकंल, पन फुटायचा न्हाई.”

होडी पंधरा दिवस उशिरा आली. माझा राग काही गेला नव्हता.

उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि नऊ पोरांसकट होडी पाण्याखालच्या खडकावर आदळली. पोरं किंचाळली. मीही होडीत होतो; वाकून तळाला हात लावला. हातभर पोचा पडला होता, पण आत पाण्याचा थेंब नव्हता.

किनाऱ्यावरून त्याला फोन केला. घडलेलं सगळं सांगितलं.

“पोरं घरी गेली?”

“गेली. जेवायलाही बसली असतील.”

“मग मी बी जेवतो आता,” तो म्हणाला.