कोलोनच्या बाल्कनीत वेल्श कवीचा घास

मंडळी, मी भुताच्या सिनेमात घोरणारा माणूस. अमावस्येला स्मशानात बसून डबा खाईन, वर लोणचंही मागेन! तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर खुशाल हसा...

स्थळ जर्मनीतलं कोलोन, चौथा मजला, आमची बाल्कनी. वेळ भर दुपारची. माझी बायको मृणाल सतराव्या शतकातल्या एका वेल्श कवीवर पीएचडी करत होती. कवी इतका अप्रसिद्ध, की अख्ख्या पृथ्वीवर त्याला ओळखणारे आम्ही, तिचे प्रोफेसर आणि सासूबाई! मृणालचं म्हणणं, त्याच्या संग्रहातल्या शेवटच्या कविता त्याच्या धाकट्या बहिणीच्या आहेत. प्रोफेसर म्हणाले, धाडसाचं आहे, वगळा. झालं... पोरगी खचली. "सोडूनच देते सगळं," म्हणायला लागली.

त्यात सर्वपित्री आली. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "त्या कवीला मूलबाळ?"

"नव्हतं गं आई."

"मग त्याचं कोण करणार? त्याचाही घास ठेव."

"अहो आई, तो ख्रिश्चन होता!" मी म्हणालो.

"भूक ख्रिश्चन असते का, जावईबापू?"

खीर आणि भरड्याचे वडे कठड्यावर मांडले. कावळा आला — बदकाएवढा, शपथ! माझ्या आजोबांचा घास त्याने झटक्यात संपवला. कवीच्या घासासमोर मात्र मान वाकडी करून बसला.

"इच्छा राहिलीये त्याची," सासूबाई पुटपुटल्या.

मी हात जोडले. "कविवर्य, बिअर ठेवतो!" ढिम्म.

"प्रबंध पुरा करेल हो ती," सासूबाई म्हणाल्या. ढिम्म.

मृणाल आत निघाली होती. दारातून वळली. "त्या कविता तुमच्या बहिणीच्या आहेत... मी तसंच लिहिणार. प्रोफेसर काहीही म्हणोत."

झप! वडा गायब.

त्याच संध्याकाळी ती लिहायला बसली. ते प्रकरण प्रोफेसरांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं म्हणे. मग म्हणाले, "गेनाऊ... म्हणजे अगदी बरोबर, असंच असणार."

आता सांगा, कोलोनच्या कावळ्याला मराठी कसं कळलं? इथे वाढलेल्या आपल्या पोरांना कळतं, तरी उत्तर जर्मनमध्येच येतं! योगायोग म्हणा, मी भांडणार नाही.

यंदाच्या सर्वपित्रीला सासूबाईंनी कुणाला न विचारता कवीच्या घासाशेजारी अजून एक घास ठेवला. कावळे दोन आले. एक तोच बदकाएवढा, दुसरा अंगाने लहान.

मोठा मागे सरकून थांबला... आधी धाकटीने खाल्लं.