नानांनी मशीनला सांगितलेलं घरचं

श्रावणात आमच्याकडे घरोघरी बसते त्या कानबाईच्या विसर्जनानंतरच्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, धुळ्याजवळच्या एका गावच्या शाळेत सातवीतल्या एका मुलीवर अन्याय झाला. तिचं नाव मी लिहिणार नाही. तेवढं एक तरी तिचं तिच्याकडे राहू दे, बाकीचं भर वर्गात वाटून झालंय. आणि हा अन्याय ज्याच्या हातून झाला तो खान्देशातला सगळ्यात प्रेमळ माणूस आहे, हे मी पत्रकात छापून द्यायला तयार आहे. तो माझा मामा. आईचा मावसभाऊ, त्याच शाळेत मास्तर. गाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही नानाच म्हणते. मी जळगाव-धुळ्यातल्या शाळांच्या फाटकांवर उभी राहून ‘लेकरांची माहिती लेकरांचीच’ अशी पत्रकं वाटणारी बाई, आणि हे माझ्याच घरात! अजून खरं वाटत नाही.

आमच्याकडे थेट कामाचं बोलणं उद्धटपणाचं समजतात. शेजाऱ्याकडे फवारणीचा पंप मागायला गेलं तरी आधी ओट्यावर टेकायचं, पाणी प्यायचं, त्याच्या घरचं विचारायचं, आपल्या घरचं सांगायचं आणि उठता उठता म्हणायचं, “पंप रिकामा शे का?” नानांइतकी ही रीत कुणी पाळली नसेल. बँकेत पासबुक भरायला गेले तरी खिडकीतल्या मुलाला आधी म्हशीचं बाळंतपण सांगणार. मागची रांग दात खात उभी. शिवाय कुणाचं नुसतं नाव त्यांच्या तोंडून कधी निघालंच नाही. नावामागे माणसाची आई, आईचं माहेर, चुलत्याची भानगड आणि आजीचा गुडघा हे सगळं आलंच पाहिजे. एकदा शेतात विजेची तार तुटली. नानांनी वायरमनला फोन लावला आणि शेत कुणाचं हे समजावायला त्या घरची सोयरीक सांगायला घेतली. ती सांगून होईपर्यंत वायरमनने दुसऱ्याकडून पत्ता घेतला, येऊन तार जोडली आणि गेलाही. नाना फोनवर बोलतच होते.

मुलांवर मात्र त्यांचा जीव. कुणाची दाढ दुखली की त्याला मोटरसायकलवर घालून धुळ्याला नेणार, परत येताना भेळ देणार, म्हणजे दाढ पुन्हा दुखणार. नव्या वस्तूंवरही तसाच जीव. शाळेत डिजिटल फळा आला तेव्हा नानांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. ओलं कुंकू काचेवर राहिलं, फळ्याला ते बोट वाटलं, आणि दिवसभर तो आपणहून भारताचा नकाशा उघडत बसला. नाना म्हणाले, “पावला.”

मग एआय आलं. वरून फर्मान आलं: वर्गात वापरा. प्रशिक्षण झालं, नाश्ता झाला, गटाचा फोटो झाला. मुलांची कोणती माहिती या मशीनला द्यायची नाही, यावर एक अक्षर कुणी बोललं नाही. एक अक्षर नाही! नानांनी घरी येऊन फोन समोर धरला आणि आपल्या रीतीनं सुरुवात केली, “राम राम भाऊ. जेवणं व्हयनं का?” मशीन म्हणालं, मी जेवत नाही. नानांना इतकं वाईट वाटलं की मला फोन करून सांगितलं, “बिचारं उपाशीच काम करस.”

आता असल्या उपाशी, नम्र, कधी न कंटाळणाऱ्या श्रोत्याकडे नाना थेट काम कसं मागणार? प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या. इतर मास्तर सगळ्या वर्गाला ‘अभ्यासात रस घेतो’ हे एकच वाक्य चिकटवतात. नानांना प्रत्येक लेकराची वेगळी नोंद हवी होती. हेतू सोन्यासारखा. म्हणून त्यांनी मशीनला एकेका लेकराचं नावानिशी घरचं सांगितलं. कुणाचा बाप सुरतला गेला आणि परतला नाही, कुणाची आई रात्री कुणामुळे रडते, सगळं. मुलांचं संपल्यावर स्टाफचं सांगितलं. आणि त्या मुलीचंही सांगितलं, जे तिच्या आईनं नानांना एकट्याला, दाराआड, हात धरून सांगितलं होतं.

त्या मंगळवारी नानांनी तेच आपलं खातं वर्गातल्या फळ्यावर उघडलं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणून आवाज पूर्ण केला, आणि कौतुकानं म्हणाले, “भाऊ, आमना वर्गनी लळिंगनी सहल आखी दे.” मशीननं गोड मराठीत आखणी सुरू केली. निघायची वेळ, पाणी, टोप्या. “गणिताच्या सरांसाठी मऊ खिचडी ठेवावी, कारण त्यांना पूर्ण कवळी आहे.” वर्ग फुटलाच. गणिताचे सर शेजारच्या वर्गात कोन काढत होते आणि मधली खिडकी उघडी होती. नानाही हसले. आणि त्या हसण्यातच पुढचं वाक्य आलं: मुलीचं पूर्ण नाव, आणि “हिला लळिंगच्या धबधब्याजवळ नेऊ नये, हिला फिट येतात. ही गोष्ट कुणालाही न सांगण्याची विनंती तिच्या आईने केली आहे.”

कुणालाही न सांगण्याची विनंती केली आहे, हेसुद्धा त्यानं सांगितलं! स्पष्ट उच्चारांत. अख्ख्या वर्गाला.

मुलगी दप्तर न घेता निघून गेली. संध्याकाळी नळावर बायका तिच्या लग्नाची काळजी करत होत्या. सातवीतल्या पोरीच्या लग्नाची! आईनं ठरवलं की तिला बोदवडला तिच्या मामाकडे पाठवायचं आणि शाळेतून नाव काढायचं.

हे कळून मी गावात पोचले तेव्हा नाना घरच्या ओट्यावर होते. “उनी का पत्रकवाली? पहिले जेवी ले.”

“जेवायला नाही आले, नाना. काय केलंत हे?”

“मी कोणले सांगं वं? मशीनले सांगं! मशीन कोना सोयरा शे का?”

“सोयरा नाही, म्हणून तर त्याला लाज नाही.”

“पोरना भलाकरताच सांगं ना. पाणीमा पडनी असती म्हंजे?”

“मग ‘वर्गात एका मुलीला असा त्रास आहे, काय काळजी घेऊ’ एवढंच विचारायचं. तेच उत्तर मिळालं असतं. तिचं नाव कशाला दिलंत?”

नावाशिवाय माणसाबद्दल बोलता येतं हे नानांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं असावं. तरी पटेना. शेवटी मी म्हटलं, विचारा तुमच्या भावाला, माझ्याबद्दल काय माहीत आहे. मशीननं माझा मोडलेला साखरपुडा सांगितला, मुलाचं गाव सांगितलं, मला रक्त कमी आहे हे सांगितलं. माझे कान तापले. नाना मात्र अभिमानानं म्हणाले, “कसं ध्यानमा ठेवं, देख!” म्हटलं, आता स्वतःचं विचारा. ते म्हणालं, “पत्नीच्या निधनानंतरही तुम्ही त्यांच्या फोनचं रिचार्ज करता, आणि हे मुलांपासून लपवून ठेवलं आहे.”

नानांनी फोन पटकन मांडीखाली दाबला. आतून तो बोलतच राहिला. “बंद कर ते,” ते म्हणाले. “बंद कर वं.”

आम्ही सगळी संभाषणं पुसली, त्याची आठवण ठेवायची सोय बंद केली. “पुरं पुसायनं का?” नानांनी विचारलं. मी सांगितलं, आपल्या बाजूनं पुसलंय. कंपनीकडे काय राहिलं, कोण सांगणार! मग आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. आई मिरच्यांची देठं काढत होती. बसा म्हणाली नाही. “नाना,” ती एवढंच बोलली, “तुमले सांगं ते तुमना पोटमा ठेवाले सांगं व्हतं.” नानांनी हात जोडले. “मनं चुकनं, माय.” दाराआडून मुलीचा आवाज आला, “नाना, त्या मशीननी आखो कोणले सांगं व्हई?”

आणखी कुणाला? मी नानांकडे पाहिलं. ज्यांना गावातल्या प्रत्येकाचं सगळं माहीत, त्यांनी मान हलवली. “माहीत नही, बेटा.”

ती आता बोदवडला आहे. आईनं नाव अजून काढलेलं नाही. मुलगी परत यायला तयार झाली तर राहू देईन, म्हणते. नाना गणिताच्या सरांकडे जाऊन माफी मागून आले. आता ते कुणाबद्दल काही सांगत नाहीत. मी मुद्दाम विचारते, अमक्याच्या म्हाताऱ्याचं काय झालं, तमकीला मुलगा की मुलगी? म्हणतात, “बरं शे बठ्ठं. तूच इचार त्यासले.” मी मोहीमवाली, मला समाधान वाटायला हवं. पण त्या ओट्यावर आता मला करमत नाही. माणसानं माणसाची चौकशी करावी, कोण कुणाचं ते सांगावं, एवढा साधा जिव्हाळा होता तो. काही न शिकवता मशीन हाती देऊन तो त्यांच्याकडून काढून घेणाऱ्यांवर माझा राग आहे, आणि तो जाणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. मास्तर असाल तर आज, हे वाचून झाल्यावर, तुमच्या फोनमधल्या त्या मशीनमधून प्रत्येक लेकराचं आणि प्रत्येक सहकाऱ्याचं नाव, आजार आणि घरचं पुसा, आणि पुन्हा देऊ नका. आईबाप असाल तर उद्या शाळा भरताना फाटकावर जा आणि मुख्याध्यापकांना विचारा: माझ्या लेकराबद्दल मशीनला काय काय सांगितलंय? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.