एका दिवशी एकच दुरुस्ती

आमचा फ्रिज बर्फ द्यायचा थांबला तेव्हा मी त्याला लाथ मारली. माझी दुरुस्तीची पद्धत एवढीच आहे. मिक्सरला धपाटा, टीव्हीच्या रिमोटला टेबलावर आपटणं आणि वस्तू मोठी असेल तर लाथ. सासूबाई टेबलाशी बसून वाटाणे सोलत होत्या. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि विचारलं, "बिघडला?"

ज्या आवाजात लोक "पास झाली?" असं विचारतात, त्या आवाजात. चेहरा उजळलेला, डोळे लकाकलेले. मला वाटलं आता टाळ्या वाजवतील.

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. आमच्याकडे येऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता आणि तेवढ्यात त्या घरातल्या सगळ्या धडधाकट वस्तूंना कंटाळल्या होत्या. ही बाई अलार्मच्या घड्याळांच्या कारखान्यात तपासनीस होती. तयार घड्याळ कानाला लावायचं, ऐकायचं आणि ठरवायचं, पास की नापास. नापास असेल तर कुठलं चाक कुरकुरतंय तेही सांगायचं. कारखान्यात त्यांना सगळे 'डॉक्टरीणबाई' म्हणत. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, पण खोड गेली नाही. माणसाशी बोलतानाही त्या मान किंचित कलती करून ऐकतात. समोरच्याला वाटतं, आता आपणही नापास होणार.

सासरे गेल्यापासून त्या एकट्याच राहायच्या, गाडीनं अर्धा दिवस लागेल इतक्या लांब. मधे एकदा बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. बराच वेळ तशाच पडून होत्या, आणि आम्हाला ते कळलं आठवड्यानंतर, फोनवर, विनोद म्हणून. "अरे, पडल्या पडल्या लादीच्या सगळ्या भेगा मोजून झाल्या!" नवऱ्यानं फोन ठेवून मला ते सांगितलं. मी म्हटलं, आता बास, त्यांना इथेच आणू या. मी स्वतः विचारलं. तर म्हणाल्या, "पाहुणी म्हणून येईन. सामान म्हणून नाही."

पाहुण्या म्हणून आल्या. आल्या आल्या परतीची तारीख सांगितली. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं, पण त्यांना दुसऱ्यांदा विचारायची माझी छाती नव्हती. मी तापट आहे, भांडायला मागेपुढे बघत नाही, पण या बाईसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते.

आणि नेमका तेव्हाच फ्रिज बिघडला. देवच पावला!

"एवढं दुरुस्त करते आणि मग निघते," त्या म्हणाल्या. पदर खोचून त्या फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसल्या. नुसत्याच बसल्या. मी म्हटलं, "आई, उघडून बघा ना."

"आधी ऐकायचं, मग उघडायचं. आज फक्त ऐकणार."

दिवसभर ऐकलं. मधूनच उठून फ्रिजच्या कुशीला कान लावायच्या. भांडीवाली मावशी आली, तिनं हे दृश्य पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" मी हसून हसून ओट्याला धरून उभी राहिले.

संध्याकाळी निदान जाहीर झालं. हा फ्रिज आम्ही जरा ऐटीतच घेतला होता. याला मागून नळाची बारीक नळी जोडलेली असते. वरच्या कप्प्यातलं यंत्र आपलं आपण पाणी घेतं, गोठवतं आणि तयार खडे खालच्या डब्यात पाडतं. "यंत्र पाणी मागतंय," सासूबाई म्हणाल्या, "पण पाणी येतच नाहीये. मागतं, थांबतं, परत मागतं. बिचारं." आणि त्यांनी फ्रिजला थोपटलं.

नवऱ्यानं तोवर कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला होता. तिकडचा मुलगा उंटावरून शेळ्या हाकत होता. म्हणाला, फ्रिज बंद करा आणि पुन्हा चालू करा. सासूबाईंनी फोन हातात घेतला. "बाळा, तुला ताप आला तर तुझी आई तुला बंद करून चालू करते का?" तिकडून खो खो हसण्याचा आवाज आला. मग दोघांचं छान जमलं. त्यानं विचारलं, नळी तपासली का? फिल्टर बदलला का? त्या प्रत्येक प्रश्नाला म्हणाल्या, "ते उद्या." "ते परवा." शेवटी तोच दमला.

कारण त्यांचा नियम होता, एका दिवशी एकच दुरुस्ती. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी माणूस परत आंधळाच. कारखान्यातही असंच चालायचं म्हणे. शिवाय खडे गोठायला वेळ लागतो, तेव्हा आज केलेल्या उपचाराचा गुण उद्याच दिसणार. मी मनात म्हटलं, आई, तुम्ही महिन्याला एक दुरुस्ती करा, माझी काही हरकत नाही.

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला सर्कसच म्हणावं लागेल. एके दिवशी आम्ही तिघांनी फ्रिज भिंतीपासून ओढला. मागून हरवलेला चमचा, नवऱ्याचा एक मोजा आणि धुळीचा गोळा निघाला. गोळा एवढा मोठा, की मला तो मांजर वाटला आणि मी किंचाळले. नळी भिंत आणि फ्रिज यांच्यात चेपली होती. ती सरळ केली. सासूबाई म्हणाल्या, "झालं. आजचं संपलं." दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं डबा उघडून वाकलो. तीन डोकी एकमेकांवर आपटली. डबा रिकामा.

मग फिल्टर बदलला. पुन्हा सकाळी तीन डोकी, पुन्हा रिकामा डबा. आम्हाला आता याची चटकच लागली होती. ऑफिसात मला कुणी विचारलं, घरी काय चाललंय, की मी फ्रिजची प्रकृती सांगायला लागायचे. नवरा एरवी चहा टेबलावर आल्याशिवाय डोळे उघडत नाही, तो आईच्या आधी उठून उभा. त्या त्याला 'ठोंब्या' म्हणायच्या, लहानपणी म्हणायच्या तसं. हा चाळिशीतला ठोंब्या बॅटरी धरून आईच्या मागे मागे फिरायचा आणि बॅटरी भलतीकडेच रोखून बोलणी खायचा. मी त्याला इतका खुशीत कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर सासूबाईंनी यंत्रात पाणी पडतं ते तोंड बोटानं चाचपलं आणि ओरडल्या, "सापडलं! घशातच बर्फ अडकलाय!" नळीच्या टोकाशी पाणी गोठून बूच बसलं होतं. माझा केस वाळवायचा ड्रायर मागवला. त्या स्टुलावर, मी स्टूल धरून, नवरा बॅटरी धरून, आणि गरम वारा आम्हा सगळ्यांच्या तोंडावर. बूच सुटलं आणि टपकन माझ्या मानेत पडून थेट पाठीतून खाली गेलं. मी जी नाचले, तशी माझ्या लग्नातही नाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी फ्रिजमधून धडाड् आवाज आला. आम्ही तिघं तीन खोल्यांतून धावलो. डब्यात खडे! मोजके, जरा वेडेवाकडे, पण खडे. सासूबाईंनी एक उचलला आणि तोंडात टाकला, एक मुलाच्या तोंडात कोंबला, एक माझ्या. थंडीच्या दिवसांत, दात घासायच्या आधी, तिघं तोंडात बर्फ घेऊन कुडकुडत हसत होतो.

बर्फ विरघळायच्या आत त्या म्हणाल्या, "पास. परवाच्या गाडीनं निघते."

माझं हसू जागच्या जागी गोठलं.

आता ती तार सांगायला हवी. डब्याच्या वर यंत्राला एक वाकडी तार लोंबत असते. डबा भरला की खडे तिला वर ढकलतात. तार वर गेली की यंत्राला कळतं, पुरे झालं. खडे काढले की ती खाली येते आणि काम पुन्हा सुरू होतं. हातानं उचलली तर टक् आवाज होऊन ती वरच राहते. डबा रिकामा का असेना, यंत्र समजतं पोट भरलंय आणि गप्प बसतं. हे मला सासूबाईंनीच शिकवलं होतं, फार कौतुकानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवलं, इकडे तिकडे पाहिलं, डब्यातले खडे सिंकमध्ये ओतले आणि तार उचलली. टक्. काळीज असं धडधडलं की सासूबाईंच्या कानांना ते ऐकू जाईल असं वाटलं.

"अरेच्चा!" डबा पाहून त्या म्हणाल्या. "परत नाही? मग आता मला जाता येत नाही बाई." तिकीट रद्द झालं. जीव भांड्यात पडला.

मग रोज सकाळी मी डबा ओतून टक् करायचे, त्यांचं बघून झालं की तार हळूच खाली सोडायचे, आणि रोज त्या नवी शंका काढायच्या. आज नळाचा दाब. उद्या फ्रिज जमिनीवर सरळ उभा आहे का ते, त्यासाठी पाण्याची बाटली आडवी ठेवून. परवा दाराचं रबर, त्यात कागदाचा कपटा धरून ओढून. दिवसाला एकच. चोराच्या मनात चांदणं, तशी मी प्रत्येक वेळी दचकायचे. एवढी तयार बाई, तिला ती तार कशी दिसत नाही? वाटायचं, म्हातारपणानं नजर गेली असेल. मग मलाच वाईट वाटायचं. पण दुसऱ्या सकाळी टक् व्हायचंच.

एका सकाळी मला उठायला उशीर झाला. लगबगीनं स्वयंपाकघरात आले, वरचा कप्पा उघडला, आणि पाहते तर डबा रिकामा आणि तार आधीच वर! मी बघतच राहिले. तेवढ्यात मागून पाय न वाजवता नवरा आला, हात फ्रिजच्या दिशेनं पुढे केलेला, चेहरा बोक्यासारखा.

"तू काय करतोयस?" मी कुजबुजले.

"मी? काही नाही. पाणी." मग त्याला काही राहवेना. "अगं, ती तार वर करून ठेवली ना, की बर्फच पडत नाही. म्हणजे आईला... मला कालच सुचलं."

"मला कधीचंच सुचलंय!"

"म्हणजे रोज तूच?"

चोरावर मोर! आम्ही दोघं तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसायला लागलो. याच्या डोळ्यांतून पाणी, मला उचकी. हसता हसता माझ्या लक्षात आलं. "थांब. पण आज मी अजून हात लावलेला नाही."

"मीसुद्धा नाही."

"मी लावला," दारातून सासूबाई म्हणाल्या.

त्या शाल पांघरून उभ्या होत्या. माझी उचकी तिथल्या तिथे थांबली.

"आज तू उठली नाहीस वेळेवर," त्या मला म्हणाल्या. "म्हटलं, राहून जाईल. म्हणून मीच डबा ओतला आणि तार वर केली."

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"आयुष्यभर बिघाड शोधले. मला एवढी मोठी तार दिसणार नाही? पहिल्याच दिवशी दिसली."

"मग खाली का नाही केली?" ठोंब्यानं विचारलं. ठोंब्याच तो.

"खाली केली असती तर निघावं लागलं असतं ना रे." त्या खुर्चीवर बसल्या. शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "तिकडे फार शांत आहे. आधी मला आवडायची शांतता. तुझे बाबा असताना मी त्यांना गप्प बसवायची, ऐकू येत नाही म्हणून. आता कान देऊन बसते आणि काहीच ऐकू येत नाही."

त्यांची मान नेहमीसारखीच कलती होती. या वेळी माझी जीभ टाळ्याला चिकटली नाही. "मग नुसतं राहते म्हणायचं ना, आई!" मी जवळजवळ ओरडलेच. "मी रोज चोरासारखी उठतेय पहाटे!"

"आणि तू नुसतं राहा म्हणायचं होतंस. एकदा विचारलंस आणि सोडून दिलंस." त्या हसल्या, पण डोळे भरले होते. "ताकाला जाऊन भांडं लपवणारे आपण सगळेच. जाऊ दे. आता चहा कर, मघापासून आधणसुद्धा ठेवलं नाहीस."

नवरा त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. "अरे, जड आहेस!" त्या ओरडल्या, पण डोकं हलवलं नाही. मी आधण ठेवलं. 

चहाचा कप हातात घेऊन त्या म्हणाल्या, "एक सांगू का? कपाटातला एक कप्पा मोकळा करून देशील? इतके दिवस बॅगेतल्याच साड्या काढून नेसते, फार चुरगळतात."

मी चहा तसाच टाकून आत धावले, माझे सगळे कपडे पलंगावर ओतले आणि दोन कप्पे रिकामे केले.