तिचं उष्टं

बायको माझ्या ताटात जेवायची. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल.

मी जेवून उठलो की त्याच ताटात ती वाढून घ्यायची. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईनं तसं लावून दिलं. पुढं आई गेली, जमाना बदलला, पोरगा शिकला, त्याची बायको आली आणि ती वेगळं ताट घेऊन त्याच्या शेजारी बसायला लागली. आमची बाई बदलली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, ‘‘एक ताट कमी घासायला लागतं. तुमच्या बापाचं काय जातं?’’

मी चौथी शिकलेला माणूस. चिकूची थोडी वाडी, बाकी भाजीपाला. आमचं घर तलासरीच्या अलीकडं. ठाण्याचा पालघर जिल्हा झाला त्या वर्षी तिचे पाय सुजायला लागले. आधी वाटलं वाडीत उभं राहून सुजतात. मग तोंड सुजलं. मग डॉक्टर म्हणाला, दोन्ही किडन्या संपल्या. हायवेवरून बस पकडून हद्दीपलीकडं गुजरातेत जायचं, तिला मशीनला लावायचं, रक्त धुवून घ्यायचं, संध्याकाळी परत. असं वर्षभर केलं. शेवटी मीच म्हटलं, माझी काढा आणि तिला लावा. तपासलं तर जमत होती.

नाक्यावर चहाच्या टपरीवर माझी चेष्टा झाली. बायकोनं नवऱ्याला दिलेली सगळ्यांनी ऐकली होती, नवऱ्यानं बायकोला दिलेली कुणी ऐकली नव्हती. एक जण म्हणाला, ‘‘उद्या मुतायला कधी जायचं ते पण तीच सांगेल तुला.’’ मी म्हटलं, ‘‘आत्ता तरी दुसरं कोण सांगतं?’’

ऑपरेशन झालं. किडनी तिच्यात लगेच चालू झाली. घरी सोडताना तिथल्या नर्सनं तिला बजावलं, पाणी उकळून प्यायचं, बाहेरचं खायचं नाही, ताट-पेला आपला वेगळा ठेवायचा. ती नर्सला म्हणाली, ‘‘किडनी ह्यांची चालते, ताट चालत नाही होय?’’ नर्स हसली. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ती माझ्या ताटात जेवली.

तीन वर्षं चांगली गेली. पण त्या तीन वर्षांत एक गोष्ट सुरू झाली. ती मी तेव्हा कुणाला सांगितली नाही.

मला सकाळी घसा साफ करायची सवय आहे. दोनदा लहान, एकदा मोठ्यानं. एकदा दुपारी मी ओट्यावर बसलो होतो, तोंड बंद, आणि घराच्या मागून माझा आवाज आला. दोनदा लहान, एकदा मोठ्यानं. मी उठून मागं गेलो. ती कपडे वाळत घालत होती. मला बघून म्हणाली, ‘‘काय? भूत बघितल्यासारखे काय उभे राहिलात?’’

सुकटीचा वास तिला कधी खपला नव्हता. मी खायचो, ती नाक धरून शिजवायची. आता ती स्वतः मागायला लागली. किनाऱ्यावरच्या वरोरहून सुकी मासळी घेऊन बाई यायची, तिच्याकडून निवडून घ्यायला लागली. कुत्र्याला हाकलताना माझी शिवी द्यायची, माझ्याच सुरात. पोरगा हसायचा. मला हसू यायचं नाही. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला ती अंगणात पाठमोरी उभी असली की मला वाटायचं, ही आता वळेल आणि तोंड माझं असेल.

मी तिला एकदा विचारलं, ‘‘तुला आत काय वेगळं वाटतं का गं?’’

‘‘वाटतं की,’’ ती म्हणाली. ‘‘सारखं कुणीतरी चुकतंय असं वाटतं, आणि ते मीच सांगायला हवं. तुमचीच किडनी ना.’’

ते साल अठराचं, पाऊस संपता संपता तिच्या जबड्याखाली गाठ आली. चिकूच्या बीएवढी, गुळगुळीत. दाबली तर सरकायची. तिनं तिला नाव ठेवलं, पाहुणा. ‘‘बघा, पाहुणा जागा आहे का,’’ म्हणून माझं बोट धरून गळ्याला लावायची. पाहुणा जागाच असायचा, आणि वाढत होता.

दवाखान्यात गाठीचा तुकडा काढून तपासला. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, गुजराती, पण मराठी बोलायचा प्रयत्न करायची. तिनं मला बाजूला बसवलं. पोरगा बरोबर होता, पण ती माझ्याकडं बघून बोलली. मला ते आवडलं.

‘‘काका, एठुं एटले समजो छो ने?’’

‘‘आम्ही उष्टं म्हणतो,’’ मी म्हटलं.

‘‘हां, उष्टं. एक विषाणू आहे, तो उष्ट्यानं जातो. लाळेतून. लहानपणीच बहुतेक सगळ्यांना होतो. आई घास चावून देते, तेवढ्यात होतो. कळतपण नाही. पण एकदा शिरला की मरेपर्यंत बाहेर जात नाही. गप्प बसून राहतो.’’

त्याचं नाव तिनं सांगितलं. एका साहेबाचं आणि एका मडमेचं आडनाव जोडलेलं आहे म्हणाली. माझ्या जिभेवर काही ते बसलं नाही.

पुढचं तिनं असं सांगितलं. दुसऱ्याची किडनी अंगात घातली की अंगातले पहारेकरी तिला परकी म्हणून मारायला धावतात. म्हणून औषधं देऊन पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवायचं. किडनी वाचते. पण पहारेकरी गुंगीत गेले की हा गप्प बसलेला उठतो, रक्तातल्या पेशींना वाढा वाढा म्हणून चिथावतो, आणि त्यांच्या गाठी होतात. आता औषधं कमी करायची. पहारेकरी जागे झाले तर गाठ खातील. पण तेच पहारेकरी किडनीही खाऊ शकतात.

मी सरळ विचारलं, ‘‘तो आला कुठून? माझ्या किडनीतून का?’’

‘‘सांगता नाही येत. काकींच्यात आधीपासून असेल, किंवा तुमच्याकडून गेला असेल.’’

‘‘तपासून कळत नाही?’’

ती म्हणाली की ह्या विषाणूचेपण प्रकार असतात, माणसागणिक थोडा थोडा फरक. गाठीतला, काकींच्या लाळेतला आणि माझ्या लाळेतला घेऊन ताडून बघता येतं. उपचाराला त्याचा उपयोग नाही, पण ती ते शिकत होती, मी दिलं तर तिला हवं होतं.

वाण मला कळतो. कालीपत्तीचा चिकू आणि क्रिकेटबॉलचा चिकू मी डोळे मिटून खाऊन सांगेन. हिची लाळ तिनं आधीच घेतली होती, मी तिथंच तिनं दिलेल्या नळीत थुंकलो. पोरगा म्हणाला, ‘‘बाबा, कशाला? काय करणार कळून?’’ त्याला काय सांगणार? मला माहीत करून घ्यायचं होतं की माझ्या बायकोच्या गळ्यात जो बसलाय तो मी आहे की नाही.

घरी सून पोटुशी होती. गाठीत विषाणू आहे आणि तो उष्ट्यानं जातो एवढंच तिला पोराकडून कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं सासूसाठी ताट, पेला, चमचा, सगळं वेगळ्या टोपलीत काढून ठेवलं. मी जेवून उठलो तर माझं ताट उचलून न्यायला लागली.

‘‘ठेव खाली,’’ ही म्हणाली.

‘‘आई, मी बाळासाठी म्हणते हो.’’

‘‘बाळाला मी कुठं माझ्या ताटात बसवतेय? त्यांचा आजार मला होऊन झाला, माझा त्यांना होऊन झाला असेल. आता राहिलं काय?’’ आणि ताट ओढून भात वाढून घेतला. सून रडली. मग हीच तिला म्हणाली, ‘‘माझा पेला वेगळा ठेव. ते बरोबर केलंस. ताट मात्र माझं आहे.’’

औषधं कमी केली आणि गाठ खरंच उतरली. एवढीशी झाली. आम्ही आनंदलो. मग तपासणीत किडनी रुसलेली निघाली. औषधं थोडी वाढवली तर गाठ पुन्हा उठली. एक खाली बसवावी तर दुसरी डोकं वर काढी. माझी किडनी तिला जगवत होती, आणि ती टिकवायला गेलं की गाठ तिला मारायला बघत होती.

त्याच थंडीत आमच्याकडं जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीकडच्या कुणालाही विचारा. आधी जमिनीच्या पोटातून आवाज यायचा, लांब सुरुंग उडाल्यासारखा. मग भांडी वाजायची, दाराची कडी आपोआप हलायची. लोक घरात जायला घाबरत. आम्हीपण अंगणात ताडपत्री बांधली आणि तिची खाट बाहेर काढली.

एका दुपारी मी खाटेवर बसलो होतो, तिनं माझं बोट गाठीवर धरलं होतं. आवाज आला. खाट हलली. घरात भांडी खणखणली, कोंबड्या ओरडत धावल्या. तिनं डोळे उघडले नाहीत.

‘‘अहो, हे जमिनीचं का माझं?’’

‘‘जमिनीचं,’’ मी म्हटलं.

भांडी थांबली. कोंबड्या थांबल्या. माझ्या बोटाखालचं थांबलं नाही. आत काहीतरी लहान लहान धक्के देत होतं. शीर असेल, दुसरं काय असणार? पण मी माझ्या छातीवर दुसरा हात ठेवून बघितला, तर दोन्ही एकाच तालात चाललं होतं.

‘‘थांबलं का?’’ ती म्हणाली.

‘‘थांबलं.’’

पुढं गाठ पोटात निघाली, आतड्याला. मोठी इंजेक्शनं दिली, तिची ताकद राहिली नव्हती. दवाखान्यातच गेली, भर सकाळी. मी चहा आणायला उतरलो होतो.

दोन महिन्यांनी सुनेला मुलगी झाली. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, ‘‘आजीच परत आली बघा.’’ मी असलं मानत नाही. मेलेलं माणूस परत येत नाही. मी जाळून आलोय.

पावसाळ्यानंतर त्या डॉक्टरणीचा फोन आला. नळीचं कळलं होतं. म्हणाली, फोनवर सांगू का? मी म्हटलं, येतो. एकटाच गेलो.

तिनं मला पाणी दिलं. मी म्हटलं, ‘‘सांग. गाठीतला कुणाचा?’’

‘‘काका, गाठीतला तुमच्या लाळेतल्या एकाशी जुळतो. पण तो किडनीतून गेला की चाळीस वर्षं ताटातून, ते कुणी सांगू शकत नाही. आणि तो तुमचा होता म्हणून काकी गेल्या असं नाही. त्यांचा स्वतःचा असता तरी तो उठलाच असता.’’

‘‘तू एकाशी म्हणालीस. एक म्हणजे?’’

‘‘तुमच्या लाळेत दोन आहेत. एक तो. दुसरा काकींच्या लाळेत होता, तसाच.’’

मी म्हटलं, ‘‘ती गेली की.’’

‘‘काकी गेल्या. तो तुमच्यात आहे. जन्मभर राहणार. घाबरू नका, निरोगी माणसाला तो काही करत नाही.’’

मला पहिल्यांदा कळेना. ती माझं उष्टं खायची, मी कुठं तिचं खाल्लं? मग आठवलं. वाडीत चिकू पिकला का ते ती चावून बघायची. गोड असला तर उरलेला माझ्या हातात द्यायची. मी काम करता करता तोंडात टाकायचो. माझी आई बघत नसायची म्हणून त्याला कुणी उष्टं म्हटलं नाही, आम्हीही नाही.

परतीच्या बसमध्ये मी तोंड मिटून बसलो. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं तर पुढच्या पाटीवरचं तलासरी बोटानं दाखवलं. त्याला वाटलं मुका आहे. तलासरीला उतरेपर्यंत मी आवंढा गिळतानासुद्धा सावकाश गिळत होतो. आत कुणीतरी होतं. गेले दहा महिने घरात मी तिला शोधत होतो, खाटेवर, मोरीत, वाडीत, आणि ही इथं, दातांच्या मागं, गप्प बसलेली.

घरी कुणाला सांगितलं नाही. पोरगा म्हणाला असता, बाबा खचलेत. सून घाबरली असती.

काही दिवसांनी दुपारी मी ओट्यावर नातीला घेऊन बसलो होतो. सून आत भाकऱ्या थापत होती. पोरीला तेव्हा नुकते खालचे दोन दात आलेले. तिला माझ्या तोंडात काय आहे ते बघायचं होतं. बोटं घालून माझा खालचा ओठ ओढला, दात मोजल्यासारखे चाचपले, जीभ पकडली. मी तोंड उघडं ठेवलं. मग तीच ओली बोटं तिनं काढली, त्यांच्याकडं बघितलं, आणि आपल्या तोंडाकडं नेली.

मला हात धरता आला असता. मला डॉक्टरणीचं बोलणं आठवलं. सगळ्यांना होतो, कुणाकडून तरी होतोच, निरोगी माणसाला काही करत नाही. हेही आठवलं की तिच्या गळ्यात बसला होता तो माझा वाण होता, आणि ह्या बोटांवर माझा आणि तिचा दोन्ही असतील. कुठला आधी शिरेल ते मला ठरवता येत नव्हतं.

पोरीनं बोटं तोंडात घातली आणि चोखायला लागली. माझ्याकडं बघत.

‘‘बाबा,’’ सून आतून म्हणाली, ‘‘गप्प का झाली? काय खातेय?’’

‘‘काही नाही गं,’’ मी म्हटलं. ‘‘बोटं चोखतेय.’’