नाव न कोरलेलं पिंप

जळकोटात रेवणसिद्ध गवंड्याचं नाव नाही असा हौद शोधून सापडायचा नाही. ओलं सिमेंट दिसलं, की गड्याचे हात शिवशिवलेच. थापीच्या टोकानं नाव कोरूनच उठणार. पुढं तो अणुवीज केंद्रात लागला. तिथं किरणोत्सारी कचरा सिमेंटात कालवून पिंपांत कायमचा थिजवतात.

सुट्टीत त्यानं घरची पायरी घातली, तिच्यावरही नाव आलंच. बायको शरणम्मा हसली. “तिथल्या पिंपांवर बी कोरता व्हय?”

“न्हाय.”

“सायेब रागावत्यात?”

“सायबाचं काय घेऊन बसलीस! पायरीवर, हौदावर लोक येत्यात, नाव वाचत्यात. त्या पिंपाजवळ शेकडो वर्सं कुणी फिरकू नये, म्हणून तर सिमेंट. तिथं माझं नाव कुणी वाचलं, तर काम बिघडलं म्हणायचं!”